अप्पाच्या जिभेची चाकरी

आळंदहून खजुरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गाव जिथं संपायचं तिथं एक कडुलिंब होता आणि कडुलिंबाखाली अप्पाचा शिंदीखाना होता. माझ्या आयुष्यातल्या चौदा वर्षांच्या सकाळी तिथं गेल्या. या चौदा वर्षांत अप्पा माझ्याशी एकदाही नीट बोलला नाही. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही, तक्रार म्हणून लिहितोय. आता अप्पा नाही, शिंदीखाना नाही, ती मोगलाईही नाही, तेव्हा उलट उत्तर यायची भीती नाही. तरीपण लिहिता लिहिता मधेच मान वर करून दाराकडं बघतोच.

सरकारदरबारी तो गुत्तेदार. म्हणजे शिंदीच्या झाडांचा रस काढून विकायचा गुत्ता, मक्ता म्हणा, त्याच्याकडं होता. गावाला तो नुसता अप्पा. देह असा की दारात उभा राहिला की दुकानात दिवा लावावा लागायचा. आवाज असा की त्यानं दुकानातून "कोण हाय रं तिकडं" म्हटलं की अक्कलकोटच्या वाटेवरचे बैल थांबायचे, आणि गाडीवान त्यांना कितीही मारो, अप्पानं "जावा" म्हटल्याशिवाय हलायचे नाहीत. लोक म्हणतील, मी फुगवून सांगतो. मी तुरीच्या बाजारातला दलाल. फुगवून सांगितलं नसतं तर माझ्या घरची चूल पेटली नसती. पण अप्पाच्या बाबतीत मी थोडं दाबूनच सांगतोय.

त्याच्या दुकानात माणूस शिंदी प्यायला जायचा की अपमान करून घ्यायला, हे जाणाऱ्यालाही नीट सांगता येत नसे. एकदा एका नव्या गिऱ्हाइकानं द्रोण तोंडाला लावला आणि भाबडेपणानं म्हणाला, "वा अप्पा, आजची शिंदी लई झकास."

अप्पानं त्याच्या हातातला द्रोण काढून घेतला. "आजची झकास. म्हंजे कालची काय नासकी होती?"

"मी काल आलोच न्हाई की."

"मग तुला काय माहीत आजची झकास हाय ते? ऊठ."

वाईट म्हणणाऱ्याला तर विचारूच नका. एका पाटलानं एकदा "जरा आंबूस लागायलीय" असं म्हटलं होतं. तो पुढं वर्षभर हुमनाबादला जाऊन पीत होता असं ऐकलं. तेव्हा रीत अशी पडली की अप्पाच्या दुकानात शिंदीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. प्यायची, ओठ पुसायचे, गप बसायचं.

गाणं म्हणायचं नाही. एकानं डोळे मिटून भजन गुणगुणायला सुरुवात केली तर अप्पा त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, "देवाला ऐकवायचं असंल तर देवळात जा. हितं मी ऐकायलोय."

बसायच्या जागाही ठरलेल्या. कडुलिंबाखाली दगड मांडलेले होते आणि प्रत्येक दगड एकेका माणसाचा. एकदा अक्कलकोटचा एक व्यापारी मोकळा दगड बघून टेकला. अप्पानं त्याला काखेत हात घालून उठवलं.

"ही जागा हाय एकाची."

आम्हीच मधे पडलो. "अप्पा, तो वारून सा महिने झाले की."

"वारला म्हणून जागा सोडायची?" अप्पा म्हणाला. व्यापारी उभ्यानंच प्यायला.

मग जायचं कामून, असं कुणी विचारील. जायचं त्या शिंदीसाठी. आणि ती शिंदी तशी असायची अप्पाच्या जिभेमुळं.

उजाडायच्या सुमारास झाडावर चढणारे चौघं मडकी घेऊन यायचे. अप्पा ओट्यावर मांडी घालून बसायचा. एकेका मडक्यातली पळीभर शिंदी जिभेवर घ्यायचा, डोळे कडुलिंबाच्या शेंड्याकडं लावायचा आणि सांगायचा, "नाल्याकाठचं तिसरं झाड. रस काढायची खाप जरा खोल गेलीय, आठ दिवस त्याला सोडा." किंवा, "हे मडकं काल धुतलं न्हाईस. धुतलं म्हणू नको, धुतलं न्हाईस." एकदा तर म्हणाला, "ह्या झाडाखाली काल शेळ्या बसल्यात्या." झाडावर चढणाऱ्यानं कानाला हात लावला; खरंच बसल्या होत्या, आणि किती ते अप्पा सांगायच्या आत त्यानंच सांगून टाकलं, नऊ. जे मडकं अप्पाच्या मनास येत नसे ते तिथल्या तिथं कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं जायचं. तो कडुलिंब एवढी शिंदी प्यायला होता की आमच्या तालुक्यात वाऱ्याशिवाय डोलणारं झाड तेवढं एकच.

हे बघायला माणसं मुद्दाम लवकर यायची. मीसुद्धा. बाजार नऊला भरायचा, तोवर दोन द्रोण आणि चार अपमान पोटात घालून मी तुरीच्या राशीपुढं उभा राहायचो.

मग एका पावसाळ्यात अप्पाला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस तो घरात पडून होता आणि एकवीस दिवस दुकान बंद. बाविसाव्या दिवशी तो निम्मा होऊन बाहेर आला, म्हणजे आता आमच्या दोघांएवढा. ओट्यावर बसला. मडकी आली. त्यानं पहिल्या मडक्यातली पळी तोंडात घेतली, शेंड्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. दुसरी घेतली. मग पळी खाली ठेवली आणि आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. ती नजर माझ्यावर येऊन थांबली.

"ए दलाल. हिकडं ये."

मी गेलो.

"आजपासून गिऱ्हाईक आधी पिणार. मालकानं आधी प्यायची रीत बरी न्हाई. पी."

मी प्यालो. अप्पा माझ्याकडं असा बघत होता जसा बैल घेणारा बैलाच्या दाताकडं बघतो. मग म्हणाला, "चालंल." पुढचं मडकं. पुढचं. चौथ्याला माझ्या कपाळाला आठी पडली असावी, कारण अप्पानं लगेच हुकूम केला, "हे ओता." आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या माणसाला सुद्धा जे पिववंना, ते माणसांना कसं द्यायचं?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. तब्बल दोन वर्षं, पाऊस असो की थंडी, रोज पहाटे मला ओट्यापुढं उभं करून चारही मडक्यांतला पहिला घोट पाजायचा, माझ्या थोबाडाकडं डोळे रोखून बघायचं आणि काहीतरी लागेलसं बोलायचं. मला वाटायचं, या माणसाला आजारपणात माझा छळ करायची नवी तऱ्हा सुचली. घरी चडफडायचो. जायचं सोडतो म्हणायचो. पहाटे पाय आपोआप तिकडं वळायचे. पायांचा राग येऊन मी एकदा वहाणा उलट्या घालून झोपलो होतो, तरी उपयोग झाला नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. ही दोन वर्षं सरत आली त्या हंगामात सोलापूरचे दोन मोठे व्यापारी तूर घ्यायला आले होते. मी त्यांना शिंदीखान्यात आणलं, कारण गार शिंदी पोटात गेली की माणूस घासाघीस विसरतो. मी त्यांना हुलसूरकडच्या तुरीचं वर्णन सांगत होतो. म्हणालो, "शेठ, ही तूर एका घरात शिजली की शेजारच्या तीन घरांतली माणसं ताट घेऊन दारात येतात. गेल्या साली एका घरात भांडण लागलं, निम्मं गाव मधे पडायला आलं, ते भांडणासाठी न्हाई, वरणासाठी." व्यापारी खूष. चाळीस गाड्यांचा सौदा ओठावर आलेला.

मागून अप्पाचा आवाज आला. "सोलापूरकर, तूर पोत्याच्या तळातली बघा. ह्यानं परवा पावसात भिजलेली पोती उन्हात नुसती वरून वाळवलीत."

खरं होतं. पण खरं बोलायला ती काय जागा होती? व्यापारी उठून गेले. मी अप्पाला म्हणालो, "अप्पा, माझं पोट मारलंत तुम्ही."

"तुझं पोट न्हाई मारलं. त्यांचं वाचवलं."

त्या रात्री मी ठरवलं की याचा सूड घ्यायचा. तलवारीनं घेणारे घेवोत, मी दलाल माणूस, माझं हत्यार चेहरा. दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पानं पहिलं मडकं पुढं केलं. नाल्याकाठच्या झाडाची शिंदी होती, देवांनी रांग लावावी अशी. मी एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की जणू कुणी माझ्या तोंडात जुन्या वहाणेचा काढा ओतला. मला बघायचं होतं, अप्पा आता चिडून स्वतः चाखणार आणि मग मला काय म्हणणार.

अप्पानं चाखलं नाही. "ओता," म्हणाला.

ओतलं. सगळं मडकं. त्या सोन्यासारख्या शिंदीचा ओघळ मुळाशी जिरला आणि मी आ वासून बघत राहिलो. जो माणूस द्रोणाच्या तळाशी थेंब राहिला तर गिऱ्हाइकाला परत बसवायचा, त्यानं माझ्या एका वाकड्या चेहऱ्यावर अख्खं मडकं ओतून दिलं.

मला रात्रभर झोप आली नाही. काय असेल हे? खातरजमा करायचीच म्हणून तिसऱ्या दिवशी उलटं केलं. त्या दिवशी एक मडकं खरंच बिघडलं होतं. झाडावर चढणाऱ्यांपैकी एकानं घाईत परवाच्या शिळ्या मडक्यात ताजी ओतली होती. पहिल्या घोटालाच माझ्या दाढा झिणझिणल्या. पण मी डोळे मिटले आणि हसलो. लग्नात नवरदेव हसतो तसा.

"चालंल," अप्पा म्हणाला आणि ते मडकं वाटायला घेतलं.

आता इथं मी ओरडायला पाहिजे होतं. मी वाट बघत होतो की पहिला पिणारा थुंकेल, गलका होईल, अप्पाची फजिती होईल आणि मडकं आपोआप ओतलं जाईल. पण मी अप्पाची रीत विसरलो. त्या दुकानात शिंदीबद्दल बोलायची मनाई होती. पहिल्यानं घोट घेतला, त्याचे डोळे भरून आले, त्यानं अप्पाकडं बघितलं, ओठ पुसले आणि गप बसला. त्याला गप बघून दुसऱ्याला वाटलं, आपलीच जीभ बिघडलीय. तिसऱ्यानं दुसऱ्याकडं बघून पिऊन टाकलं. अप्पानं पास केलेल्या मडक्याला वाईट म्हणायची छाती आळंदात कुणाची नव्हती. अकरा माणसांनी ते मडकं तळापर्यंत संपवलं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. दुपारनंतर मात्र त्या अकरांनी गावाच्या चारी बाजूंची शेतं वाटून घेतली, आणि दोन दिवस गावात लोटा भाड्यानंसुद्धा मिळत नव्हता.

त्या अकरांत तहसील कचेरीतला एक शिपाई होता. त्यानं कचेरीत सांगितलं. कचेरीतून आबकारीच्या खात्यात गेलं. आठ दिवसांत गावात दोन बोलवा उठल्या: अप्पा शिंदीत काहीतरी मिसळतो; आणि दुसरी, दबक्या आवाजात, अप्पाची जीभ गेली. पहिलीवर कुणाचा विश्वास नव्हता. दुसरी मला एकट्याला खरी असल्याचं कळलं होतं. तापानं त्या माणसाच्या तोंडाची चव नेली होती. दोन वर्षं तो माझ्या चेहऱ्यावरून शिंदी ओळखत होता, आणि वर मलाच शिव्या देत होता.

मी कबूल करायला चार वेळा गेलो. चारही वेळा त्यानं मला बोलूच दिलं नाही. "तुझी गोष्ट ऐकायला मला येळ न्हाई," म्हणाला. अशा माणसापुढं पश्चात्ताप तरी कसा करायचा?

मग एके दिवशी आबकारीचे साहेब दौऱ्यावर आले. बारीक अंगाचे, पांढरी दाढी, बोलणं इतकं अदबीचं की दटावलं तरी माणसाला आमंत्रण मिळाल्यासारखं वाटावं. त्यांनी आधी बाटल्यांत शिंदी घालून तपासली. मिसळलेलं काही निघालं नाही. मग ओट्यासमोर खुर्ची टाकून बसले.

"गुत्तेदार साहब," ते म्हणाले, "आपकी ज़बान का बड़ा नाम सुना है. आज हम भी देखेंगे."

त्यांच्या शिपायानं अप्पाच्याच झाडांची पाच मडकी आणून ओळीनं मांडली. वर चुन्यानं एकापासून पाचपर्यंत रेघा ओढल्या. त्यातल्या एकात त्यांनी दोन दिवसांची शिळी शिंदी थोडी मिसळली होती. कुठल्या, ते फक्त साहेबांना ठाऊक. साहेबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं: ज्याला नासकी शिंदी ओळखता येत नाही, त्याच्या हाती सरकार लोकांचं पोट देऊ शकत नाही. ओळखली तर गुत्ता राहील. नाही तर दुसऱ्याला जाईल.

सगळा गाव जमला होता. ती अकरा माणसं पुढं होती. अप्पानं पहिल्या मडक्यातली पळी भरली, ओठापर्यंत नेली आणि थांबला. गर्दीत नजर फिरली.

"साहेब, माझ्या दुकानात गिऱ्हाईक आधी पितं. ए दलाल."

साहेबांनी मान हलवली. मी पुढं झालो. आता तुम्हाला वाटेल, सोपं आहे. पाच घोट घ्यायचे, नासक्याला चेहरा वाकडा करायचा, काम झालं. पण अप्पाचा गुत्ता आता माझ्या थोबाडावर टांगलेला, आणि हा चेहरा, ज्याच्या जोरावर मी तीस वर्षं भिजलेली तूर वाळकी म्हणून विकली, तो माझ्या ताब्यातच राहिला नव्हता. पहिली शिंदी उत्तम होती. माझा चेहरा वाकडा. दुसरी उत्तम, आणखी वाकडा. तिसरीला डोळ्यांत पाणी आलं. चौथी नासकी होती, तेव्हा मला हसू फुटलं, कारण निदान एक तरी सापडलं. पाचवीला परत रडू.

अप्पा माझ्याकडं बघत होता. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी घाबरलेला बघितला नव्हता. त्या क्षणी बघितला. हातातली पळी कुठं ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.

"चौथं," मी मोठ्यानं बोललो. "साहेब, चौथं मडकं नासकं हाय."

गर्दी हसली. खो खो हसली. साहेबांनी पुढं बसलेल्या तहसिलीच्या शिपायाला विचारलं, "ये साहब कौन हैं?"

तोच तो शिपाई, अकरांतला. म्हणाला, "हुजूर, आलंद में इत्ता बड़ा झूटा कोई नई. इसका बैल अकेला सोलापूर जाके चिठ्ठी का जवाब लेके आया बोलता."

"ते खरं हाय," मी म्हणालो. लोक आणखी हसले.

मग मी सांगून टाकलं. सूड, पहिल्या दिवशीचा वाकडा चेहरा, दुसऱ्या दिवशीचं हसू, सगळं. त्या दिवशीचं मडकं नासकं होतं हे मला ठाऊक होतं आणि मी गप बसलो, हेही. हसणं थांबलं. ती अकरा माणसं हळूहळू उभी राहिली. त्यातल्या एकाच्या हातात वहाण होती, दुसऱ्याच्या हातात त्याहून जड काहीतरी.

"खाली बसा," अप्पा म्हणाला. ते बसले. साहेबसुद्धा, उठायला निघाले होते, ते परत टेकले.

अप्पानं चौथं मडकं उचललं, कडुलिंबाच्या बुडाशी नेलं आणि उलटं केलं. मग साहेबांकडं वळला. "हेच."

साहेबांनी मान डोलवली. "बराबर. लेकिन आपने तो चखा ही नहीं."

"चाखून उपेग न्हाई साहेब. दोन वर्सं झाली, माझ्या जिभेला चव न्हाई आन् नाकाला वास न्हाई. मला साखर आन् चुना सारखाच." हे बोलताना त्याचा आवाज पहिल्यांदाच रस्त्यावरच्या बैलांना ऐकू गेला नसेल. "ह्या दलालाचं बघून मी चालवायलोतो."

"इस झूटे का?"

"ह्यानं तोंडानं सांगितलेलं आजवर एक खरं निघालं न्हाई. म्हणून तर मी त्याला बोलू देत न्हाई, नुसतं बघतो. आज पयल्यांदा बोलून खरं सांगितलंय. पटवून घ्यायला मला जरा जड गेलं."

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. मग कारकुनाला कागद काढायला लावला. ठरलं ते असं: गुत्ता अप्पाकडंच राहील, पण रोज सकाळी मडकी वाटायच्या आधी चाखायला एक माणूस हजर पाहिजे आणि त्यानं खरं काय ते तोंडानं सांगितलं पाहिजे. खाली माझी सही घेतली. मी विचारलं, "पगार?" साहेब अदबीनं हसले आणि घोड्यावर बसून गेले.

अप्पाला वाटलं असेल की मी आता आभाराची वाट बघणार. तो म्हणाला, "उद्या उजाडायच्या आधी ये. उशीर केलास तर बघ. आन् चाखलेल्याचे पैसे पडतील."

निजामाच्या सगळ्या राज्यात सरकारी कागदावर नेमलेला आणि वर स्वतःच पैसे भरणारा नोकर मी एकटाच असेन.

त्या हिवाळ्यात मला सर्दी झाली. साधीसुधी नव्हे, शिंकलो की शेजारच्या घरातलं दळण थांबायचं. चव गेली, वास गेला. अशा तोंडानं जाऊन काय चाखायचं, म्हणून मी गोधडीत पडून राहिलो. मला वाटलं, एक दिवस अप्पा दुकान चालवील कसंतरी. त्यानं चालवलं नाही. मडकी तशीच ठेवली, आलेल्या प्रत्येकाला "दलालाचं नाक गळायलंय, घरी जा" म्हणून परत पाठवलं आणि स्वतः माझ्या घराच्या दारात येऊन उभा राहिला. तो कुणाच्या दारात जात नसे. घरात एकदम अंधार झाला, तेव्हाच मी ओळखलं.

आता अडचण अशी की माझी बायको माळकरी घरातली. तिला मी चौदा वर्षांतली पहिली नऊ वर्षं हेच सांगत आलो होतो की मी पहाटे मठात अभिषेकाला जातो. साहेबांच्या दिवसाचंही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, कारण ते घरी सांगायचं तर आपणही शिंदीखान्यात होतो हे गावातल्या प्रत्येकाला कबूल करावं लागलं असतं. तिनं दार उघडलं. मी तिच्या मागं गोधडी पांघरून उभा, आणि अप्पाला डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी, जमेल त्या सगळ्यांनी विनवत होतो.

"अक्का, नवरा कुठाय?" अप्पा म्हणाला. "काम खोळंबलंय."

"कसलं काम?" बायको म्हणाली.

अप्पानं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा त्याच्याएवढा कुणाला वाचता येत होता? त्यानं वाचला. आणि मग जन्मात कधी न केलेली गोष्ट करायला तो निघाला. घसा खाकरून, जमिनीकडं बघत म्हणाला, "मठातलं. अभिषेकाचं. मी मठातूनच यायलोय."

अप्पाच्या अंगाचा, धोतराचा, मिशीचा शिंदीचा दर्प आमच्या परसापर्यंत पोचला होता. गोठ्यातली म्हैस मान उचलून हुंगायला लागली. सर्दीमुळं मला तो येत नव्हता आणि अप्पाला तर येणारच नव्हता. आम्ही दोघं खुळ्यासारखे एकमेकांकडं बघत उभे. बायकोनं पदर नाकाला लावला.

"मठात आता शिंदीचा अभिषेक होतो व्हय?"

अप्पा उंबऱ्यावरच बसला. "मला न्हाई जमत हे," तो माझ्यावर डाफरला. "तू कसं करतोस रं रोज?"

आणि त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तापापासून सुरुवात केली. आपल्या जिभेचं सांगितलं, माझ्या चेहऱ्याचं सांगितलं, अकरा माणसांचं, साहेबांचं, सहीचं. माझ्याशी चौदा वर्षांत बोलला नाही एवढं तो तिच्याशी तासाभरात बोलला. मधेमधे मी काही दुरुस्त करायला तोंड उघडलं की दोघं एकदम "तू गप" म्हणायचे. बायकोनं त्याला मिऱ्याचा काढा दिला, जो मुळात माझ्यासाठी उकळला होता. त्यानं एका घोटात पिऊन टाकला.

"तिखट हाय का?" तिनं विचारलं.

"माहीत न्हाई," अप्पा म्हणाला.

तिनं नाकावरचा पदर खाली घेतला. आता माझी काही धडगत नाही, असं समजून मी गोधडीत शिरलो. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, चांदण्या अजून होत्या, तिनं मला हलवून उठवलं. हातात कंदील होता.

"श्वास घ्या बघू," ती म्हणाली. मी घेतला. नाक मोकळं झालं होतं. "मग निघा. तिकडं माणूस खोळंबलाय."